कमळातले आठ लिफ्टर

गुंदच्या लखू गावड्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला बोल्ट फिरवण्याइतकी मेहनत. माणूस वाईट नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण इंजिनाशी जेवढं बोलतो त्याच्या निम्मंसुद्धा तो माणसांशी बोलत नाही, आणि त्याची त्याला कधी खंतही वाटली नाही. निदान यंदाच्या खंडेनवमीपर्यंत तरी नाही.

रामनगरात, बेळगावहून गोव्याकडे ट्रक जातात त्या रस्त्याच्या कडेला, रामचंद्रशेठचं गॅरेज आहे. लखू तिथे मिसरूड फुटायच्या वयात शिरला तो चाळिशी उलटली तरी तिथेच. आठवडाभर गॅरेजच्या माळ्यावर झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि रविवारी गुंदला घरी यायचं. घरी बायको देवकी आणि मुलगी रक्षा. भाताची शेती, गुरं, मधूनमधून जंगलातली मजुरी, सगळा गाडा देवकीच ओढायची. रविवारी आलेला नवरा म्हणजे पाहुणा. तो जेवायचा, झोपायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत निघून जायचा. घरच्या कुत्र्याने एकदा त्याच्यावर भुंकून अख्खी वाडी जागी केली होती. ती गोष्ट देवकी हसत हसत सांगायची. पण एका रविवारी रक्षाने ताटावर बसलेल्या बापाला "आता परत कवा येनार, पाव्हणं?" असं विचारलं, तेव्हा देवकी हसली नाही आणि लखूच्या घशाखाली घास उतरला नाही.

त्या एका वाक्यापायी लखूने मनाशी घेतलं की बस झालं, आता गॅरेज काढायचं ते गावातच. गुंदच्या वळणावर, जिथे फोनला रेंज मिळते तिथे, त्याने पत्र्याची शेड ठोकली. रामचंद्रशेठला हसू आलं. "जंगलात ग्यारेज? मग काय गव्यांच्या गाड्या दुरुस्त करनार हाईस?" तो म्हणाला. "जा, हौस फेडून घे. दसऱ्यापत्तर तुझी जागा ठेवतो. त्याच्या फुडं मातर दुसरा माणूस बघीन."

गावातले लोकही मनातून शेठच्याच बाजूचे. शेडपुढून जाताना चौकशी सगळे करायचे, कौतुकही करायचे, आणि जीप बिघडली की दोरखंड लावून तिला ओढत रामनगरलाच न्यायचे. पावसाळाभर लखूच्या शेडमध्ये पंक्चर आणि एखादा पॉवर टिलर, ह्यापलीकडे काही आलं नाही.

मग नवरात्राच्या तोंडावर गणेशगुडीचा नागराज आला. काळी नदीवर राफ्टिंगला येणारे पाहुणे आणि त्यांच्या रबरी होड्या नदीपर्यंत पोचवायचा त्याचा धंदा. त्याची जुनी जीप धूर ओकत होती आणि इंजिनातून सारखी टकटक यायची. दुसरीकडे दोनदा काम करून झालं होतं, टकटक काही जाईना. नागराज बोलायला रोखठोक.

"लखूअण्णा, इंजिन पुरं खोला. दसरा झाला की गर्दी सुरू व्हतीया. ही जीप नीट चालली तर माझ्या बाकीच्या गाड्याबी तुमच्याकडंच. आनि न्हाई चालली, तर मग सगळ्यास्नी कळंलच."

सगळ्यांना कळेल हे लखूला वेगळं सांगायला नको होतं. गुंदमध्ये राहायचं की पुन्हा रामनगरच्या माळ्यावर जाऊन पडायचं, ते आता ह्या एका इंजिनावर ठरणार होतं. त्याने इंजिन उतरवलं आणि खोललं.

आता लिफ्टर म्हणजे काय ते सांगितलंच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यापायी झाला. इंजिनात झडपा असतात आणि त्यांच्यावर कॅम नावाचा दांडा फिरतो. दांड्याला उंचवटे असतात. उंचवटा फिरून खाली आला की त्याखालची झडप उघडते. ह्या दोघांच्या मधे बसतो तो लिफ्टर. पोलादाची बुटकी वाटीच म्हणा, पण पोटात तेल धरून ठेवणारी. तेल नीट भरलेलं असलं की मधे फट राहत नाही आणि इंजिन आवाज करत नाही. ह्या जीपमध्ये असे आठ होते. दिसायला आठही एकसारखे, पण वर्षानुवर्षं एकाच उंचवट्याखाली घासून प्रत्येक जण आपल्या उंचवट्यापुरता झिजलेला. म्हणून ते काढताना क्रम मोडायचा नसतो. एका उंचवट्याचा लिफ्टर दुसऱ्याच्या जागी गेला की लिफ्टर आणि उंचवटा एकमेकांना खायला उठतात.

लखूने आठही तपासले. ते शाबूत होते; टकटक होती ती तेलाची वाट काजळीने बुजल्यामुळे आणि धूर होता तो पिस्टनच्या रिंगा झिजल्यामुळे, ती दोन्ही कामं त्याने उरकली. मग त्याने घरी जाऊन देवकीचं आप्पेपात्र मागून आणलं आणि एकेका खळग्यात एकेक लिफ्टर तेलात बुडवून ठेवला, पहिल्यापासून आठव्यापर्यंत. त्यांच्या अंगावर आकडा कोरून चालत नाही, तेव्हा कोणता कुठला हे फक्त खळग्यावरून कळणार.

"आनि आता मी आप्पे कशात करू?" देवकीने विचारलं होतं.

"करू नको," लखू म्हणाला होता. तेवढंच. पात्र कशाला हवंय, त्यात काय ठेवणार, का ठेवणार, हे बायकोला सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. हत्यारं धुऊनपुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची, दारात कोहळा फोडायचा. एकदा मांडलेल्या हत्याराला मग त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा झाली की उचलायचं. इतकी वर्षं लखूचे पाने शेठच्या देवापुढे मांडले जायचे आणि नारळ शेठ फोडायचा. यंदा पहिल्यांदा शेड त्याची, पाने त्याचे, नारळ त्याचा. त्या आनंदात त्याच्या तोंडून चक्क लांब वाक्य निघालं.

"मी रामनगरास जाऊन झेंडू आनि कोहळा घेऊन येतो. तवर शेडमधलं सगळं लखलखीत धुऊन मांडून ठेव. एकबी वस्तू ऱ्हाता कामा न्हाई."

एकही राहिली नाही. देवकीने पाने घासले, हातोडा घासला, जॅक पुसला, कॅमचा दांडा पाटावर ठेवला. मग तिला फडक्याखाली आपलं आप्पेपात्र दिसलं, आणि त्यात काळ्या तेलात बुडालेले आठ गोल. एक बोटावर घेऊन पुसला तर आतून चांदीसारखा चमकला. असली देखणी वस्तू सणाच्या दिवशी तेलात कशी ठेवायची? तिने आठही एका पातेल्यात घेतले, दागिने धुतात तसे रिठ्याच्या पाण्याने धुतले, मऊ लुगड्याच्या तुकड्याने पुसले. शेडच्या मधोमध तिने आठ पाकळ्यांच्या कमळाची रांगोळी काढली, पाकळीपाकळीवर एकेक लिफ्टर ठेवला आणि प्रत्येकाच्या मधोमध हळदकुंकवाचं बोट लावलं. पाकळ्या आठ आणि लिफ्टरही आठ. हा तिला देवाचाच कौल वाटला.

लखू दुपारी परतला तेव्हा अर्धी वाडी शेडमध्ये जमली होती. पूजा सांगायला म्हातारे धाकलूकाका येऊन बसले होते. काखेत कोहळा आणि हातात झेंडूची पिशवी घेऊन लखू आत शिरला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"हे कुणी काढलं?"

"मी," देवकी म्हणाली. तिला वाटलं, आता कौतुक होणार. "बरं दिसतंय न्हवं?"

लखूच्या डोक्यात तिडीक गेली. "तुला अक्कल हाय काय? आठी एका जागी धुतलंस? कुठला कुठं व्हता ते आता कोन सांगनार, तू? पोटावर पाय दिलास माझ्या! आता जातो परत रामनगरास. ऱ्हा हितं एकटी, घाल रांगोळ्या!"

वर्षभर चार शब्द न बोलणाऱ्या माणसाने नेमकं त्या दिवशी, भरल्या शेडमध्ये, सगळ्यांदेखत बोलावं, ह्याला काय म्हणायचं? देवकीचा चेहरा काळाठिक्कर पडला. बायकांनी माना खाली घातल्या. लखू लिफ्टर उचलायला वाकला तशी धाकलूकाकांनी काठी आडवी धरली.

"थांब लखू. मांडलेलं हत्यार आज हलवायचं न्हाई. तुझ्या शेडची पयली पूजा हाय ही."

लखूने हात मागे घेतला. पूजा झाली. लखूने नारळ फोडला. लोकांनी खोबरं घेतलं आणि घरची वाट धरली.

दुपार कलली तरी लखू शेडमध्ये भिंतीला टेकून बसलेला. समोर आठ लिफ्टर कमळात बसलेले, कुंकू लावून, जसे काही लग्नाला निघालेत. हात लावायची सोय नाही आणि नजर हलवायची ताकद नाही. देवकी ताट घेऊन आली. ते त्याच्यापुढे ठेवून ती परत जाईल असं त्याला वाटलं होतं, पण ती समोर बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पर तुमी मला सांगितलं कवा? लगीन झाल्यापास्नं कुणी इचारलं, तुझा नवरा रामनगरात काय करतो, तर मी सांगते, गाड्यांचं काम. गाड्यांचं कसलं काम, ते मलाच ठावं न्हाई. 'हे तेलात ऱ्हाऊ दे, ह्यास्नी हलवू नको', येवडं जरी बोलला असता तर मी बोट लावलं नसतं."

लखूचा राग कुठल्या कुठे गेला आणि लाज तेवढी उरली. सगळ्यांसमोर काय काय बोललो ते त्याला एकेक करून आठवायला लागलं. "मी बोललो ते चुकीचं बोललो," तो कसाबसा म्हणाला. आणि मग, बहुधा दुसरं काही सुचेना म्हणून, त्याने तिला लिफ्टर म्हणजे काय ते सांगायला घेतलं. झडप सांगितली, कॅम सांगितला, तेल सांगितलं. ताटातला भात गार झाला. देवकी मधेच अडवून विचारायची आणि तो पुन्हा सांगायचा.

"म्हंजे हे आठ येगळं येगळं झिजल्यात?"

"व्हय."

"मग झिजलेलं दिसत असंल की."

"दिसतंय. पर लई बारीक. बारीक रेघा." पुढचं त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, शेठला तर नाहीच. "मला आता जवळचं नीट दिसत न्हाई, देवकी."

"मला दिसतंय," देवकी म्हणाली, आणि पदर खोचून जमिनीवर पालथी पडली.

शेडच्या पत्र्याखालून उतरतं ऊन आत आलं होतं आणि तिरप्या उजेडात पोलादावरची बारीकसारीक रेघ उठून दिसत होती. कुंकवाचं बोट मधोमध लावलेलं, कडा मोकळ्या. लखूही तिच्या शेजारी आडवा झाला. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. ती सांगायची, "ह्याच्या कडंला कोयतीसारखी वाकडी रेघ हाय." मग दोघं तसेच सरकत पाटावरच्या कॅमपाशी जायचे, माळेच्या फुलांमधून एकेक उंचवटा निरखायचे आणि तीच वाकडी रेघ शोधायचे. "हितं! तिसऱ्यावर!" देवकी ओरडायची. रक्षा एकदा दारात येऊन उभी राहिली. आईबाप पूजेपुढे पालथे पडून झेंडूच्या फुलांत डोकं खुपसून बसलेत हे पाहून ती काही न विचारता निघून गेली.

ऊन गेलं तोवर सहा जागेला लागले होते. दोन राहिले. सहावा आणि सातवा. ह्या दोघांच्या अंगावर एकसारख्याच रेघा.

"हे दोन जुळं हाईत," देवकी म्हणाली.

दसऱ्याला उत्तरपूजा उरकताच दोघांनी काम हातात घेतलं. लिफ्टर डिझेलमध्ये धुऊन आतलं पाणी आणि कुंकवाचा कण न् कण काढला, मग ते ताज्या तेलात बुडवले. बुडवून दाबले की आतली हवा बुडबुड्यांनी वर येते, ते बुडबुडे थांबेपर्यंत दाबत राहायचं. हे काम देवकीने घेतलं आणि लखूने तिला ते करू दिलं. सहा जण आपापल्या भोकात सुळकन उतरले. उरलेले दोघे मात्र दोन्हीकडे सारखेच उतरत होते. लखूने डोळे मिटून बोटाने अंदाज घेतला आणि एक बाजू ठरवली. अंदाजच तो.

कॅम चढवून झाल्यावर देवकी म्हणाली, "मग करा की चालू."

"आत्ता न्हाई. लिफ्टर तेलानं टम्म हाईत, झडपा दाबून धरल्यात त्यांनी. आत्ता फिरवलं तर झडप पिस्टनावर आपटंल. बसू दे त्यास्नी जरा." आपण न विचारता एवढं बोललो हे लखूच्या लक्षातही आलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहिलं. कुठे अडलं नाही. मग ते जीपमध्ये चढवलं, आणि चालू करायचं ते मालकासमोरच, असं ठरवून दोघं घरी गेले.

नागराज दुसऱ्या दिवशी सकाळी आला. लखूला गप्प बसता आलं असतं. वाडीने आरडाओरडा ऐकला होता, पण धुतल्याने नेमकं काय बिघडलं ते कुणाला कळलं नव्हतं. आणि गप्प बसणं तर त्याच्या रक्तातच. पण त्याने नागराजला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं, कमळापासून जुळ्यांपर्यंत.

नागराजचं तोंड उतरलं. "आनि ते दोन उलटंसुलटं झालं असलं तर?"

"तर टकटक करंल. मग दोन्ही नवं घालून देतो, ते माझ्याकडं लागलं. आनि तुमी रामनगरास न्हेली तरी मी काय म्हणनार न्हाई."

"चूक माझी हाय," देवकी मधेच म्हणाली. "त्यांची न्हवं."

"दोघांची हाय," लखू म्हणाला.

नागराजने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि डोकं खाजवलं. "दोनदा काम करून घेतलं ह्या गाडीचं. आत काय केलं ते मला कुणी एक अक्षर सांगितलं न्हवतं. करा चालू."

इंजिन चालू झालं आणि पत्र्यावर चिंचोके ओतावेत तसा आवाज आला. नागराजने डोळेच मिटून घेतले. लखूने हात वर केला. "थांबा, तेल चढतंय. रेस करू नका." एकेक आवाज गळत गेला. चिंचोके कमी कमी झाले. शेवटी एकच राहिला, टक, टक, टक, आणि तो काही थांबेना. लखूने लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. मग पेचकस देवकीकडे दिला. तिने ऐकलं.

"सहावा," ती म्हणाली. जुळ्यांतलाच एक.

"आत हवा ऱ्हायली असंल तर जाईल," लखू म्हणाला. "जागा चुकली असंल तर जानार न्हाई. चढावर न्हेऊन बघू या."

लखू चालवायला बसला, नागराज शेजारी. देवकी कुणी बोलावण्याची वाट न बघता मागे चढली. जीप गुंदच्या वरच्या रानात वळणं घेत चढू लागली. टक, टक. पुढच्या वळणावरही टक, टक. चढ संपला, माथ्यावर त्याने गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. आवाज नेमका कुठे थांबला ते तिघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. खाली ओढ्याचं पाणी वाहत होतं, ते इंजिन चालू असताना ऐकू येत होतं. देवकीचा जीव भांड्यात पडला आणि ती रडायला लागली. लखूने मागे वळून तिचा हात धरला, नागराजसमोर, आणि बराच वेळ सोडला नाही.

"सोमवारी दुसरी जीप घेऊन येतो," नागराज शेडपाशी परतल्यावर म्हणाला, आणि आपली जीप घेऊन गणेशगुडीच्या रस्त्याला लागला.

ती वळणाआड गेली न गेली तोच लखूचा फोन वाजला. त्याचे हात तेलाने बरबटलेले होते, म्हणून देवकीने फोन उचलून दोघांच्या मधे धरला. रामचंद्रशेठ होता.

"लखू, दसरा झाला रे. सोमवारी येतोस न्हवं? माळा झाडून ठेवलाय तुझा."

लखूने तोंड उघडलं. ज्या माणसाने पोटापाण्याला लावलं, हुन्नर दिलं, त्याला काय सांगायचं आणि कसं? देवकीने फोन स्वतःकडे वळवला.

"सोमवारी न्हाई जमायचं, शेठ," ती म्हणाली. "सोमवारी आमा दोघांस्नी इंजिन खोलायचं हाय."